गोळ्या, तांबी की इंजेक्शन? दुसऱ्या बाळानंतर काय निवडू, गोंधळ झालाय

पाऊसवेडी

नमस्कार सगळ्यांना. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, शेवटी लिहितेच. माझं वय ३३, दुसरं बाळ आता साडेसात महिन्यांचं आहे, अजून अंगावर पाजते, वरचं खाणंही सुरू झालंय. पाळी अजून आलेली नाही. तिसरं मूल नको हे आमचं जवळपास नक्की आहे, जवळपास म्हणते कारण नवरा म्हणतो नक्कीच नको आणि मी म्हणते की एवढ्यात कायमचं काही करायला नको, तीन-चार वर्षं जाऊ देत, मुलं जरा मोठी होऊ देत, मग बघू.

आत्तापर्यंत आम्ही निरोध वापरत आलो आणि कधी कधी तोही नाही, कारण पाळीच नाही तर दिवस कसे राहतील असं वाटायचं. आता मात्र मनात सारखी धाकधूक असते, जरा मळमळलं की झोप उडते, आणि या भीतीमुळे जवळ यायचीच इच्छा होत नाही. नवरा समजून घेतो पण त्यालाही ते जाणवतंच ना.

मैत्रीण गोळ्या घेते आणि एकदम खुश आहे. चुलत बहीण म्हणते तांबी बसव आणि विसरून जा. अजून एक जण म्हणाली की तांबी पोटात वर चढते आणि मग ऑपरेशन करून काढावी लागते. नेटवर वाचायला बसले तर इतके प्रकार निघाले की डोकंच चालेना. डॉक्टरांकडे जाणारच आहे पण तिथे पाच मिनिटांत "काय हवंय सांगा" असं विचारलं तर मला काही सांगता आलं पाहिजे.

माझ्याबद्दल थोडं : लग्नाआधीपासून पाळीत अंगावरून खूप जायचं, हिमोग्लोबिन कायम कमीच, सध्या लोहाच्या गोळ्या चालू आहेत आणि त्याही आठवड्यातून एक-दोनदा विसरतेच. बीपी नॉर्मल, शुगर नाही, सिगरेट वगैरे नाही. अर्धशिशी आहे, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर वेड्यावाकड्या चमकत्या रेषा दिसतात आणि मग अर्धं डोकं ठणकतं, पण ते शाळेपासून आहे, त्याचा इथे काही संबंध नसावा.

तर यातली सगळ्यात चांगली पद्धत कोणती? तुम्ही काय वापरता, काय त्रास झाला, मोकळेपणाने सांगा प्लीज.

दोनमुलांचीआई

पाऊसवेडी, आधी तुझं अभिनंदन आणि लिहिलंस ते फार बरं केलंस, या विषयावर बोलायला माणूसच सापडत नाही.

मी धाकटीचं दूध सुटल्यावर गोळ्या सुरू केल्या. २१ दिवस गोळी, मग ७ दिवस सुट्टी, त्या सुट्टीत पाळी येऊन जाते. सुरुवातीचे दोन-तीन महिने थोडी मळमळ आणि मधेच डाग लागायचे, नंतर ते आपोआप थांबलं. पाळी ठरल्या दिवशी, रक्तस्राव आधीच्या निम्मासुद्धा नाही, पोटात कळा यायच्या त्या गेल्या, चेहऱ्यावर फोड यायचे तेही कमी झाले. रात्री ब्रश करून झालं की गोळी अशी सवयच लावून घेतली त्यामुळे विसरत नाही. आणि मूल हवं असेल तेव्हा बंद केल्या की झालं, त्यासाठी कुणाकडे जावं लागत नाही हे मला सगळ्यात आवडतं.

तुलाही पाळीत जास्त जातं म्हणतेस, मग गोळ्यांनी दोन्ही कामं होतील. माझं मत गोळ्यांना. फक्त पाजत असताना कुठली चालते ते विचारून घे.

कोरीपाटी

माझं मत तांबीला म्हणजे कॉपर टीला. त्या वर चढण्याबद्दल आधी लिहिते कारण याच भीतीने माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणी तिच्या वाटेलाच गेल्या नाहीत. तांबी गर्भपिशवीच्या आत बसते, पिशवीची भिंत जाड स्नायूची असते, तिथून ती मनाला येईल तशी पोटात भटकत नाही. जे होऊ शकतं ते म्हणजे बसवताना पिशवीला इजा होऊन तांबी भिंतीत घुसणं किंवा पलीकडे जाणं, पण ते हजारात एखाद-दोघींना होतं, म्हणून बसवणारा हात सरावाचा हवा. त्याहून जास्त वेळा उलटं होतं, म्हणजे तांबी खाली सरकून बाहेर पडते, वीस जणींत एखादीला, आणि तेही बहुतेक पहिल्या काही महिन्यांत. म्हणून तर तांबीला असलेला, खाली योनीत येणारा दोरा बोटाने चाचपून बघायला सांगतात.

बसवताना दुखतं का? हो, थोडं दुखतं. पाळीत येते तशी जोरात कळ येते आणि काही मिनिटांत ओसरते. मी आधी तासभर दुखण्याची गोळी घेऊन गेले होते आणि त्याचा चांगला उपयोग झाला. पहिले काही महिने पाळी जास्त दिवस आणि जास्त प्रमाणात आली, हे खरं आहे, ते सांगायलाच हवं. नंतर कमी झालं पण तांबीआधी होती तेवढी कमी कधी झाली नाही. पण हार्मोन नाही, रोज काही घ्यायचं नाही, एकदा बसवली की १० वर्षं चालणारी मिळते, बसवल्या क्षणापासून काम करते आणि काढली की लगेच दिवस राहू शकतात. माझ्यासारख्या विसरभोळ्या बाईला अजून काय हवं.

ओपीडीतलीताई

मी नर्स आहे, कुटुंब नियोजनाच्या ओपीडीत बायकांशी हेच बोलणं माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तपासणी मात्र तुला डॉक्टरांकडूनच करून घ्यावी लागेल.

पाऊसवेडी, बाकी सगळं बाजूला ठेव आणि आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करून घे. घाबरवायचं नाहीये तुला, पण पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत हे आता तुझ्या बाबतीत धरून चालता येत नाही. पाजण्यामुळे संरक्षण मिळतं ते खरं आहे आणि चांगलं मिळतं, ९८ टक्क्यांपर्यंत, पण त्याला तीन अटी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत : बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी परत आलेली नसावी, आणि बाळ रात्रंदिवस फक्त अंगावरच हवं. तुझं बाळ साडेसात महिन्यांचं आहे आणि वरचं खातंय म्हणजे दोन अटी मोडल्या. स्त्रीबीज पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटतं, म्हणून बाळंतपणानंतरची पहिली पाळी दिसायच्या आधीच दिवस राहू शकतात, अशा बायका मी नेहमी बघते. आज टेस्ट निगेटिव्ह आली तरी शेवटचा निरोधाशिवायचा संबंध होऊन तीन आठवडे झाले की परत एकदा कर आणि तोपर्यंत निरोध प्रत्येक वेळी, न चुकता.

आता तुझी अर्धशिशी. तू लिहिलंयस की त्याचा काही संबंध नसावा, पण तुझ्या अख्ख्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. डोकं दुखायच्या आधी चमकत्या रेषा दिसणं याला ऑरा म्हणतात, आणि ऑरा असलेली अर्धशिशी ज्यांना आहे त्यांना इस्ट्रोजेन नावाचं बायकांचं हार्मोन असलेली कुठलीही पद्धत देत नाहीत. दोनमुलांचीआई घेते त्या नेहमीच्या मिश्र गोळ्या, चिकटवायचा पॅच, योनीत ठेवायची रिंग, या सगळ्यांत इस्ट्रोजेन असतं. अशा अर्धशिशीत मेंदूचा झटका येण्याची शक्यता मुळातच थोडी जास्त असते आणि इस्ट्रोजेनने ती आणखी वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत हे चौथ्या गटात येतं, म्हणजे वापरूच नये, मग वय कितीही असो. तेव्हा डॉक्टरांनी विचारो न विचारो, हे तू पहिल्या वाक्यात सांग. आमच्याकडे पुष्कळ जणी "डोकं दुखतं का" याला "हो कधीकधी" एवढंच म्हणतात आणि रेषांचं राहून जातं.

दोनमुलांचीआई, तुमच्या गोळ्या तुम्हाला मानवल्यात आणि त्या चांगल्याच आहेत, त्यावर शंका घेऊ नका. बऱ्याच जणींसाठी त्या उत्तम चालतात. पस्तिशीनंतर सिगरेट ओढणारी, बीपी वाढलेली, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होऊन गेलेली, स्तनाचा कॅन्सर झालेली, नुकतीच बाळंत झालेली, अशांना मात्र त्या नाही चालत. म्हणून मैत्रिणीच्या पाकिटातली गोळी बघून आपण सुरू करणं बरोबर नाही, मैत्रीण कितीही खुश असली तरी.

आता सगळ्यात चांगली कोणती या प्रश्नाकडे येते. तुला कुठली जमेल असं विचारलंस तर सांगता येईल, कारण कागदावरचा आकडा आणि घरातला आकडा यांत खूप फरक पडतो. समज शंभर जोडप्यांनी वर्षभर काहीच वापरलं नाही तर साधारण ८५ जणींना दिवस राहतात. "बाहेर काढतो" म्हणणाऱ्यांत २० जणींना. निरोधात, आपण नेहमी वापरतो तसा म्हणजे कधी उशिरा घातला, कधी राहून गेला, १३ जणींना, आणि अगदी बिनचूक वापरला तर २ जणींना. गोळीत बिनचूक घेतली तर शंभरात एकसुद्धा नाही पण प्रत्यक्षात ७, कारण माणूस विसरतो. तीन महिन्यांच्या इंजेक्शनमध्ये ४, कारण पुढची तारीख चुकते. तांबी, हार्मोनवाली तांबी, दंडात बसवायची काडी आणि नसबंदी या सगळ्यांत मात्र एक किंवा एकाहून कमी, कारण त्यांत रोज आठवण ठेवायचं काही उरतच नाही. लोहाच्या गोळ्या विसरतेस असं तू स्वतःच लिहिलंयस, यात अपराधी वाटायचं काही नाही, साडेसात महिन्यांचं बाळ आणि एक मोठं मूल असलेल्या घरात रोजची गोळी राहणारच. फक्त निवडताना हे धरून चाल.

साधी तांबी तुला चालणार नाही असं नाही, ती चालते. पण तुला मुळात जास्त जातं, हिमोग्लोबिन कमी, त्यात तांबीने पाळी आणखी वाढली तर लोहाच्या गोळ्या खाऊन भरून काढलेलं दर महिन्याला परत जाणार. म्हणून तुझ्या जागी माझी बहीण असती तर तिला मी आधी हार्मोनवाल्या तांबीबद्दल विचारायला सांगितलं असतं. तिच्यातून लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन अगदी थोडं थोडं पिशवीतच सुटत राहतं, इस्ट्रोजेन नसतं, पाजताना चालते, कंपनीप्रमाणे ३ ते ८ वर्षं टिकते आणि पाळीतलं जाणं खूप कमी करते, इतकं की जास्त रक्तस्रावावर उपचार म्हणूनही ती बसवतात. सुरुवातीचे तीन ते सहा महिने मात्र अवेळी डाग लागत राहतात, कटकट होते, तेवढी तयारी हवी. आणि कोरीपाटीने इजेबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे, पाजणाऱ्या बाईत पिशवीची भिंत नाजूक असल्याने ती शक्यता काहीशी वाढते, तरीही कमीच असते, पण बसवणाऱ्या डॉक्टरांना "मी अजून पाजते" हे आवर्जून सांग.

दुसरा पर्याय दंडातली काडी, म्हणजे इम्प्लांट. काडेपेटीतल्या काडीएवढी मऊ काडी दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली सरकवतात, ३ ते ५ वर्षं काम करते, सगळ्या पद्धतींत सगळ्यात पक्की हीच. खालून तपासणी नको वाटते त्यांना हे बरं पडतं. पण पाळीचं वेळापत्रक पार बिघडतं, कुणाची बंद होते, कुणाला पंधरा-पंधरा दिवस थोडं थोडं जात राहतं, आणि काडी काढून घ्यायला येणाऱ्या बहुतेक जणींचं कारण तेच असतं.

तीन महिन्यांच्या इंजेक्शनचंही सांगते कारण पुष्कळ जणी ते पसंत करतात, कुणाला कळत नाही, घरात पाकीट दिसत नाही, आणि ज्यांच्या घरी या गोष्टीवरून वाद होतात त्यांना हा मोठा आधार असतो. पण एकदा टोचलं की त्रास झाला तरी औषध परत काढता येत नाही, वजन काहींचं वाढतं, आणि थांबवल्यावर दिवस राहायला सहा-आठ महिने किंवा वर्षही लागू शकतं. कायमचं वांझपण येत नाही, उशीर होतो इतकंच. ज्यांना वर्षभरात परत बाळ हवं असतं त्यांना मी इंजेक्शन सुचवत नाही.

आणि फक्त प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन असलेली रोजची गोळी पाजताना चालते, तुझ्या अर्धशिशीतही सहसा देतात, पण जुन्या प्रकारात वेळ तीन तास चुकली तरी संरक्षण ढिलं पडतं, नव्या प्रकारात १२ तासांची सवलत असते. तुझा गोळ्यांचा इतिहास बघता मी ती शेवटी ठेवेन.

टेकडीवरचा

ताईंनी फार छान समजावून सांगितलंय. मला एक बाजू मांडायची आहे, पुरुष म्हणून.

पाऊसवेडी, तुमचे मिस्टर "नक्की नको" म्हणतायत ना? मग तुम्ही दोघं त्या निर्णयावर पोचाल तेव्हा पुरुष नसबंदीचा विचार करा. मी केली आहे. दोन मुलं झाली, दोन्ही वेळा बायकोने नऊ महिने काढले, टाके सोसले, मधली वर्षं तिनेच तांबी सांभाळली, तेव्हा पुढचं माझ्याकडे असं मला मनापासून वाटलं.

बिनटाक्याची पद्धत असते, चीनमधले डॉ. ली शुनच्यांग यांनी १९७४ मध्ये काढलेली. सुरीने कापत नाहीत, तिथलीच जागा बधिर करून एक बारीक छिद्र पाडतात आणि दोन्ही बाजूच्या नळ्या त्यातून बंद करतात, पाव-अर्ध्या तासाचं काम, त्याच दिवशी घरी. दोन दिवस आराम आणि आठवडाभर जड उचलायचं नाही. बाईचं ऑपरेशन म्हणजे पोट उघडावं लागतं, मग ते दुर्बिणीतून का असेना, त्यामानाने हे कितीतरी हलकं आहे आणि फेल होण्याचं प्रमाणही त्याहून कमी आहे.

मित्रांनी विचारलेले प्रश्न इथे लिहून ठेवतो कारण बायकांच्या धाग्यावर पुरुषही गुपचूप वाचतात. ताकद कमी होत नाही. पुरुषी हार्मोन वृषणातून थेट रक्तात जातं, त्या नळीतून नाही, त्यामुळे इच्छा, ताठरता, दाढी-मिशी सगळं होतं तसंच राहतं. वीर्यही येतं, कारण त्यातला शुक्राणूंचा वाटा अगदी नगण्य असतो, बाकीचं पाणी दुसऱ्या ग्रंथींचं. फरक नुसता बघून कळतसुद्धा नाही.

एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा : ऑपरेशन झालं म्हणजे त्याच दिवसापासून मोकळे असं नाही. नळीत पुढे राहिलेले शुक्राणू संपायला साधारण तीन महिने लागतात, तोवर निरोध किंवा बायकोची चालू पद्धत, आणि मग वीर्य तपासून "शुक्राणू नाहीत" असा रिपोर्ट हातात आला की मगच. हा रिपोर्ट करायला बरेच लोक जातच नाहीत आणि मग दिवस राहिले की घरात नको ते संशय सुरू होतात. फार वाईट वाटतं असं ऐकलं की.

नळी परत जोडता येते पण मूल होईलच याची खात्री कुणी देत नाही, म्हणून "बघू" म्हणणाऱ्यांनी हे करू नये. तुम्ही तीन-चार वर्षं थांबायचं म्हणताय ते योग्यच आहे, त्यांना सांगा की त्यानंतरची पाळी त्यांची.

धुकं

इथेच विचारते, नवीन धागा काढायला संकोच वाटतो. मी आणि माझा जोडीदार महिन्यातून एखादवेळीच भेटतो, तेव्हा निरोध वापरायचा विचार असतो पण दरवेळी होतंच असं नाही, मग मी दुसऱ्या दिवशी ती इमर्जन्सीची गोळी घेते. आता पाळी पार अनियमित झाली आहे. ही गोळी दर महिन्याला घेतली तर चालते का? पुढे मूल व्हायला अडचण येईल का? आणि ती घेणं म्हणजे गर्भपात करण्यासारखं आहे का, ते पण मनात सारखं येतं.

ओपीडीतलीताई

धुकं, संकोच अजिबात करू नकोस, विचारलंस ते बरंच झालं.

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगते कारण ते तुझ्या मनात सलतंय. नाही, तो गर्भपात नाही. ती गोळी स्त्रीबीज सुटणं पुढे ढकलते. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, तेवढ्यात बीज सुटलंच नाही तर गर्भ राहत नाही. आधीच राहिलेला गर्भ त्या गोळीने पडत नाही आणि त्याला इजाही होत नाही. पुढे मूल व्हायलाही तिची आडकाठी येत नाही.

चालतं का म्हणशील तर विष नाही ते, घेतलीस म्हणून काही बिघडलं असं समजू नकोस, पण नेहमीसाठी ती कच्ची आहे. बीज आधीच सुटलेलं असेल तर तिचा काही उपयोग होत नाही. लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची आणि जितकी लवकर तितकी बरी, वजन जास्त असेल तर तिचा असर कमी पडू शकतो. युलिप्रिस्टल नावाची दुसरी गोळी १२० तासांपर्यंत चालते. आणि सगळ्यात खात्रीची म्हणजे पाच दिवसांच्या आत साधी तांबी बसवून घेणं, पुढची सगळी वर्षंही त्यातच निघतात. पाळी मागेपुढे होते ती या गोळीमुळेच, पण आठवड्याहून जास्त पुढे गेली तर टेस्ट कर.

महिन्यातून एकदाच भेटत असलात तरी तुला एक नेहमीची पद्धत हवी, आणि त्यासोबत निरोधही, कारण संबंधातून होणाऱ्या आजारांपासून संरक्षण निरोध सोडून दुसरं काहीच देत नाही, ना तांबी, ना गोळी, ना नसबंदी. निरोधाला तेल किंवा मलम लावू नका, त्याने रबर फाटतं, पाण्याचं जेल वापरा. आणि "दरवेळी होतंच असं नाही" हे जे लिहिलंस ना, ते त्याच्याशी स्पष्ट बोल, भेटायच्या आधी बोल. जो तुझ्या धाकधुकीत वाटेकरी व्हायला तयार नाही त्याच्यासाठी तू दर महिन्याला ही गोळी का गिळायची?

दोनमुलांचीआई

ताई, ऑराचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मी लगेच माझ्या नणंदेला फोन केला, तिलाही रेषा दिसतात आणि ती याच गोळ्या सुरू करणार होती. आता आधी डॉक्टरांशी बोलणार आहे. खूप आभार. अजून एक विचारायचं होतं, ॲंटिबायोटिक चालू असताना गोळीचा असर जातो म्हणतात ते खरं का?

ओपीडीतलीताई

नणंदेचं वाचून फार बरं वाटलं.

साध्या ॲंटिबायोटिकने नाही जात. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरची काही औषधं, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन यांसारखी, ही मात्र गोळीचा आणि दंडातल्या काडीचा असर कमी करतात, असं औषध चालू असेल तर दोन्ही प्रकारच्या तांब्या चालतात. आणि गोळी घेतल्यापासून तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती पोटात गेलीच नाही असं धरून दुसरी घ्यायची.

पाऊसवेडी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, एकेक उत्तर नवऱ्याला वाचून दाखवलं. टेस्ट केली, निगेटिव्ह आहे, तीन आठवड्यांनी परत करणार आणि तोवर निरोध पक्का. टेकडीवरचा यांचं वाचून तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला "तीन-चार वर्षांनी मी करून घेईन, तू आत्ता तुला झेपेल ते घे". हे तो आधीही म्हणू शकला असता पण आमचं कधी असं बसून बोलणंच झालं नव्हतं.

मला हार्मोनवाली तांबी पटतेय. दोन-तीन शंका आहेत. हार्मोन दुधातून बाळाला जाणार नाही का? पाळीच बंद झाली तर ते रक्त आत साठून राहत नाही का, सासूबाई आणि आई दोघीही म्हणतात की महिन्याची घाण बाहेर पडलीच पाहिजे. आणि बसवायला गेल्यावर नेमकं काय काय सांगू आणि विचारू?

ओपीडीतलीताई

नवऱ्याला माझा नमस्कार सांग.

दुधात अगदी किंचित जातं, पण दूध कमी होत नाही आणि बाळाच्या वाढीवर परिणाम दिसत नाही, बाळंतपणानंतर सहा आठवडे झाले की ती निर्धास्त देतात, तुझे तर कितीतरी जास्त झालेत.

पाळीचं रक्त म्हणजे घाण नव्हे. दर महिन्याला पिशवीच्या आत अस्तर जाड होतं आणि गर्भ राहिला नाही की ते गळून बाहेर पडतं, ती पाळी. हार्मोनवाली तांबी ते अस्तर जाड होऊच देत नाही, मग पडायला काही तयारच होत नाही, साठायचा प्रश्नच नाही. वर्षभरात पाच जणींत साधारण एकीची पाळी पूर्ण थांबते, बाकीच्यांची अगदी कमी होते. तांबी काढली की अस्तर पुन्हा पूर्वीसारखं व्हायला लागतं आणि दिवस राहायलाही उशीर लागत नाही. आईंना आणि सासूबाईंना असंच सांगून बघ, बायकांना ही गोष्ट समजावून सांगितली की पटते असा माझा अनुभव आहे. आणि तुझ्या शरीरात दर महिन्याला वाचणारं रक्त म्हणजे तुझं हिमोग्लोबिन, हेही सांग.

जाताना दुसऱ्या टेस्टचा निकाल घेऊन जा. सांगायचं ते असं : अंगावर पाजते, पाळी आलेली नाही, रेषांसकट अर्धशिशी आहे, आधी खूप जायचं, हिमोग्लोबिन किती आहे तो रिपोर्ट. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल की सिझर, तेही. अंगावरून वास येणारं पांढरं जात असेल किंवा ओटीपोटात दुखत असेल तर लपवू नकोस, आधी त्यावर उपचार करून मग बसवतात. विचारायचं ते असं : ही किती वर्षांनी बदलायची, दोरा कसा चाचपायचा, दुखण्याची गोळी आधी कुठली घेऊ, आणि नको वाटली तर काढून मिळेल ना. काढून मागणं हा तुझा हक्क आहे, कारण द्यावं लागत नाही.

बसवल्यावर तुझ्या बाबतीत पहिले सात दिवस निरोध चालू ठेव, साधी तांबी लगेच काम करते पण हिला तेवढा वेळ द्यावा लागतो. तीन ते सहा आठवड्यांनी एकदा दाखवून ये. ताप आला, ओटीपोटात सतत दुखू लागलं, दोरा सापडेना किंवा तांबीचं टोक बोटाला लागायला लागलं, तर त्याच दिवशी जा. आणि अर्धशिशी आधीपेक्षा वाढली, किंवा रेषांसोबत हातापायाला मुंग्या, बोलताना अडखळणं असं काही झालं तर ते तांबीमुळे आहे की नाही हा विचार करत घरी बसू नकोस, सरळ दवाखाना गाठ.

कोरीपाटी

आणि त्या दिवशी बाळाला सांभाळायला कुणीतरी घरी ठेव, येताना रिकाम्या हाताने आणि सावकाश ये. बसवून झालं की इथे लिही, पहिल्या महिन्यात काही विचारायचं वाटलं तर आम्ही आहोत.